पांढरं जहाज, पुसट पट्टा: जुन्या युद्धनौकांचे फोटो जमवताना केलेल्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

पुण्याचा जुना बाजार, सकाळी साडेआठ. रात्री पाऊस पडून गेलेला, त्यामुळे निम्म्या पथाऱ्यांवर अजून प्लास्टिक होतं. नळाच्या तोट्या आणि फुटके कंदील यांच्या मधे जाड पुठ्ठ्याची तीन सुटी पानं दिसली. पानांवर चिकटवलेले फोटो तपकिरी, जांभळट झाक असलेले. पहिल्यावर पांढरं भलंमोठं जहाज, डोलकाठ्या आणि धुरांडं दोन्ही असलेलं. दुसऱ्यावर पाण्याला टेकलेलं बुटकं काहीतरी, त्यावर दोन गोल बुरूज. तिसऱ्यावर तोफेशेजारी उभे असलेले चार गोरे खलाशी.

"कितीला?"

"ताई, फोटोचे सांगू का पुठ्ठ्याचे?"

म्हणजे मामा मुरलेले होते. पानाला ५०० सांगितले, तीन मिळून ९०० ला तुटलं. अख्खा अल्बम होता, पण शिवण उसवली म्हणून पानं सुटी केली, सुटी लवकर खपतात, असं त्यांनी सांगितलं. आणखी नऊ-दहा पानं होती: बंगला, घोडे, झग्यातल्या बायका. जहाजं नाहीत म्हणून मी ती ठेवून आले.

नारायण पेठेत आमचं चष्म्याचं दुकान आहे. भिंगं हाताशी असतात, एवढंच भांडवल. खर्च करायला स्वतःला १५,००० ची मर्यादा घालून घेतली आहे.

१२ जून, बुधवार

आज परत गेले. बाकीची पानं गेली. कुणा हॉटेलवाल्याने भिंतीवर लावायला उचलली म्हणे.

हे करू नका. अल्बम सापडला तर सगळा घ्या, मधले बंगले-घोडे नको असले तरी. जहाजाचा फोटो कुणी, कुठे, कधी चिकटवला हे शेजारच्या पानांवरून कळतं. घोड्यांच्या पानावर एखादं नाव असेल, बंगल्याखाली 'वानवडी' लिहिलेलं असेल. दीड-दोन हजार वाचवले आणि अल्बमचा मालक कायमचा घालवला.

१६ जून, रविवार

आज फक्त कागद वाचला. प्रतिमा नाही, कागद.

दहापट भिंगाखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात आणि वर बारीक भेगांचं जाळं. उजळ भाग पिवळे पडलेत. म्हणजे हे अल्ब्युमेन प्रिंट, अंड्याच्या पांढऱ्यात मीठ घालून कागदावर थर द्यायचा आणि मग चांदीच्या क्षाराने तो प्रकाशाला तयार करायचा, त्यातले. ही पद्धत १८५० मध्ये आली आणि १८९० च्या दशकापर्यंत तिचंच राज्य होतं. नंतरच्या जिलेटिन प्रिंटमध्ये कागद आणि प्रतिमेच्या मधे बॅराइटाचा पांढरा थर असतो, तो तंतू झाकून टाकतो. तंतू दिसतात की नाही, ही पहिली चाचणी. फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते.

एक सावधगिरी: यातून प्रिंटचा काळ कळतो, काचेवरच्या निगेटिव्हचा नाही. बंदरांतले फोटोग्राफर एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापून विकत.

तिन्ही पानांना खालच्या उजव्या कोपऱ्यात किडीने पाडलेलं आरपार भोक आहे. जहाजाच्या पानाला मोठं, बुरुजवालीच्या पानाला त्याहून लहान, तोफवाल्या पानाला सगळ्यात लहान. पानं लावून पाहिली तर त्याच क्रमाने भोकं एकमेकांवर बसतात, पण जहाज आणि बुरुजवाली यांच्यात जरा उडी वाटते. मधलं एखादं पान गेलं असावं. तिन्ही भोकांची कड बटर पेपरवर पेन्सिलीने उतरवून पाकिटात ठेवली. नवरा म्हणाला, "आता भोकांचाही संग्रह का?"

२३ जून, रविवार

२,४०० रुपये पाण्यात.

ऑनलाइन 'एचएमएस व्हिक्टोरिया, अस्सल फोटो, १८९०' असं दिसलं. हे जहाज २२ जून १८९३ ला लेबनॉनमधल्या त्रिपोलीसमोर सरावात कॅम्परडाउन या आपल्याच ताफ्यातल्या जहाजाची टक्कर बसून बुडालं, ३५८ माणसं गेली, त्यांत ॲडमिरल ट्रायनही होते. एवढी गोष्ट डोक्यात असली की हात आवरत नाही. मी मोठा करून फोटो मागवला नाही, पैसे आधी पाठवले.

पार्सल आलं, भिंग लावलं, ठिपके. ओळीत बसलेले छापखान्याचे ठिपके. जुन्या मासिकाचं पान कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. जुनं आहे, पण फोटो नाही. विकणाऱ्याने 'परत घेत नाही' असं आधीच लिहिलं होतं, तेही मी वाचलं नव्हतं.

आता घेण्याआधी एकच मागणी करते: डोलकाठी आकाशाला जिथे छेदते त्या जागेचा, मोबाइल अगदी जवळ नेऊन काढलेला फोटो. ठिपके असले तर तिथे लपत नाहीत. जो विक्रेता हा फोटो पाठवत नाही त्याच्याकडून घेत नाही.

७ जुलै, रविवार

सरावासाठी फुकटचा माल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे 'मॉनिटर' या चिलखती जहाजाचे फोटो मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. जेम्स गिब्सनने ते ९ जुलै १८६२ ला जेम्स नदीवर काढले. त्याच्या चार महिने आधी, ९ मार्चला, अमेरिकेच्या यादवी युद्धात हॅम्प्टन रोड्सला मॉनिटर आणि शत्रूपक्षाचं चिलखती जहाज व्हर्जिनिया यांची गाठ पडली होती. बुरुजावर गोळ्यांनी पडलेले खळगे फोटोत दिसतात. डेकवर माणसं बसली आहेत, उन्हाने डोळे बारीक केलेले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला हे जहाज केप हॅटरसजवळ वादळात बुडालं.

हे फोटो जोडीचे आहेत, दोन डोळ्यांसाठी दोन. तेव्हा बघायचं यंत्र करायचं ठरवलं. दुकानातून प्लस पाचची न कापलेली दोन भिंगं घेतली, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवली, २० सेंटिमीटरवर जोडचित्र. प्रिंट चार काढले, ४० प्रमाणे १६०.

पहिला प्रयत्न फसला. सगळं दुहेरी, शिवाय डोळ्यांना ताण. दोन तास खोका पुढेमागे करत होते. मग डोक्यात आलं की हाताला लागलेल्या सवयीने भिंगांची केंद्रं मी बाहुल्यांच्या अंतरावर, म्हणजे ६२ मिलिमीटरवर बसवली आहेत. वीस वर्षं गिऱ्हाइकांचं पी.डी., म्हणजे हेच बाहुल्यांमधलं अंतर, मोजून दुसरं काही सुचतच नाही. इथे अंतर डोळ्यांचं नाही, चित्रांचं घ्यायचं: दोन्ही चित्रांतला एकच बिंदू, समजा बुरुजाचा कडेचा खिळा, एकमेकांपासून किती दूर आहे ते मोजा. माझ्या प्रिंटवर ७६ भरलं. केंद्रं ७६ वर नेली आणि मॉनिटरचा डेक खोक्यात सपाट पसरला, बुरूज पुढे आला, खळगे आत गेले. चष्म्यासाठी कापलेली लहान भिंगं चालणार नाहीत, कारण केंद्र बाहेर सरकवल्यावर बाहुलीसमोर काच उरत नाही. पूर्ण गोल ब्लँक, म्हणजे न कापलेली भिंगं घ्या.

२८ जुलै, रविवार

आमचं घर सिंहगड रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर. २५ तारखेला खाली पार्किंगमध्ये पाणी होतं, वीज नव्हती. फोटोंना पाणी लागलं नाही. पण हवेतलं लागलं.

अप्पा बळवंत चौकातून घेतलेले १८० रुपयांचे प्लास्टिकचे पॉकेट. पीव्हीसीचे होते, उघडताना तोच टिपिकल वास. पानं त्यात आणि पॉकेट कपाटात. काल काढले तर तोफवाल्या खलाशांच्या फोटोचा चकचकीत पृष्ठभाग प्लास्टिकला जागोजागी धरून बसलेला आणि पुठ्ठ्यावर राखाडी बुरशीचे ठिपके. घाबरून मी ओल्या कापसाने एक ठिपका पुसला. बुरशी गेली, तिच्याबरोबर चकाकीही गेली. बोटाच्या पेराएवढा मंद डाग कायमचा. अंड्याचा थर आहे, पाणी लागलं की फुगतो, हे ठाऊक असून हात गेला.

आता असं करते: पान पंख्याखाली नाही, नुसत्या कोरड्या खोलीत आडवं ठेवायचं. बुरशी पूर्ण सुकली की मऊ ब्रशने, तेही गच्चीत, तोंडाला मास्क लावून झटकायची. पुढे-मागे आम्लरहित कागद, वरून पॉलिएस्टरचं आवरण, आणि सगळं आडवं खोक्यात. कागद आणि आवरणं १,६५०. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ४५०. कपाटात ते ८४ दाखवत होतं. सिलिका जेलच्या पिशव्या टाकून ५५ पर्यंत आणलं. पिशव्या दर रविवारी ओव्हनमध्ये कोरड्या कराव्या लागतात. पुण्यात जून ते सप्टेंबर हा छंद म्हणजे मुख्यतः पिशव्या भाजणं.

२५ ऑगस्ट, रविवार

फोटोंखाली पेन्सिलीने लिहिलेल्या ओळींकडे वळले. बुरुजवालीखाली 'मॅग्दाला, मुंबई बंदर'. हे पटतं. १८६८ च्या ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेचा सेनापती रॉबर्ट नेपियर तेव्हा मुंबई फौजेचा सरसेनापती होता आणि फौज मुंबईहून निघाली होती. मोहिमेनंतर मुंबई बंदराच्या रक्षणासाठी तोफांचे बुरूज असलेली दोन जहाजं १८७० मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यात उतरली, त्यांची नावं त्याच मोहिमेवरून ठेवली: मॅग्दाला आणि ॲबिसिनिया. बुटका बांधा, पुढेमागे एकेक बुरूज, बरोबर जुळतं.

पांढऱ्या जहाजाखाली 'जमना, १८८४'. इथे अडलं.

ही जमना म्हणजे हिंदुस्थानात फौज ने-आण करणाऱ्या पाच जहाजांपैकी एक. कुणी म्हणेल ही युद्धनौका नव्हे, पण चालवायचं आरमार, खलाशीही आरमाराचेच, म्हणून मी यादीत घेते. १८६६-६७ मध्ये पाचही पाण्यात उतरली: युफ्रेटिस, जमना, सेरापिस, मलबार, क्रोकोडाइल. पोर्ट्समथ ते मुंबई अशी त्यांची फेरी. प्रिन्स ऑफ वेल्स नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईला उतरला तो सेरापिसवरून. परतीची वाट बघणारे सोजीर देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. त्या देवळालीचं इंग्रजीत 'डुलाली' झालं आणि अर्थ झाला डोकं फिरलेला.

पाचही जहाजं पांढरी आणि ओळखायला प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या रंगाचा पट्टा: युफ्रेटिस निळा, जमना तांबडा, सेरापिस हिरवा, मलबार काळा, क्रोकोडाइल पिवळा. माझ्या फोटोत पट्टा आहे, पण इतका पुसट की आधी मला तो ओरखडा वाटला होता. तांबडा पट्टा असा फिका येईल का?

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रस्त्यावर ढोल, दुकान बंद, मुलगा मिरवणुकीत. घरात शांतता, म्हणून चाचणी.

त्या काळच्या काचेवरचा थर निळ्या प्रकाशाला फार, तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ काहीच दाद देत नसे. म्हणून त्या फोटोंत आकाश कोरं पांढरं येतं. म्हणूनच १८८०-९० च्या दशकांतल्या ब्रिटिश जहाजांची फिक्कट पिवळी धुरांडी फोटोत गडद दिसतात. धुरांडं काळपट दिसलं म्हणून ते काळं रंगवलं होतं असं धरू नका.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर मुलाच्या पोस्टर कलरने पाच पट्टे ओढले. खिडकीच्या उजेडात मोबाइलने फोटो, मग गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळा चॅनेल, म्हणजे चित्रातला निळ्या प्रकाशाचा भाग, ठेवला. तांबडा जवळजवळ काळा. पिवळाही काळा, हे डोळ्यांना पटत नाही, दोनदा करून पाहिलं. हिरवा गडद राखाडी. काळा काळाच. निळा मात्र पुठ्ठ्यात विरघळल्यासारखा, पेन्सिलीची रेघ खोडरबराने पुसल्यावर उरते तसा.

म्हणजे पेन्सिल चुकली. ही जमना नाही. जमनाचा पट्टा ठसठशीत दिसला असता.

लगेच उड्या मारल्या नाहीत. दुसऱ्यांदा गडद नेव्ही ब्लू लावून पाहिला, तो निळ्या चॅनेलमध्येही गडदच आला. आणि उन्हाने विटलेला, धूर बसलेला हिरवा किती फिका येईल, हे ताज्या पोस्टर कलरवरून ठरत नाही. म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं: 'जमना नव्हे. बहुधा युफ्रेटिस.' चिठ्ठी आवरणात, पुठ्ठ्यावर काही नाही. आधीच्या मालकाची चुकीची पेन्सिलही खोडलेली नाही. ती ज्याने लिहिली तो त्या जहाजातून आलाही असेल, दहा वर्षांनी आठवून लिहिलं असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

इंग्लंडहून एक कार्ड मागवलं. १८ पौंड, टपाल आणि कस्टम धरून ३,३५०. कस्टमचा आकडा आधी धरला नव्हता, तो धरा.

कार्डवर छापलेलं: 'नेल्सनचं जहाज फुड्रॉयंट'. नेल्सन म्हणजे ब्रिटिश आरमाराचा नामांकित ॲडमिरल. तसं नाही, हे माहीत असूनच घेतलं. नेल्सनचं फुड्रॉयंट जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलला वादळात किनाऱ्यावर आदळून फुटलं. मालकाने मग दुसरं जुनं जहाज घेऊन त्यालाच ते नाव दिलं. ते दुसरं म्हणजे ट्रिंकोमाली, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेलं. आजही ते हार्टलपूलला तरंगतं आहे, १९९२ पासून पुन्हा जुन्या नावाने. ओळखायची खूण सोपी: नेल्सनच्या जहाजाला तोफांच्या खिडक्यांच्या दोन रांगा, ट्रिंकोमालीला एक. शोधताना दोन्ही नावांनी शोधा, विकणाऱ्यांना फरक माहीत नसतो आणि किंमत नेल्सनची लावतात.

कागद जिलेटिनचा निघाला, तंतू दिसत नाहीत. म्हणजे माझ्या १९व्या शतकातल्या फोटोंच्या यादीत बसणं कठीण. मुंबईची पोर म्हणून ठेवलंय.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या साफसफाईत कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे आलेलं कॅबिनेट कार्ड, म्हणजे ठरावीक आकाराच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, १,२००. साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच. अकरा देशी खलाशी, डेकवर. मागे इंग्रजीत एवढंच: 'नेटिव्ह क्रू'. मधोमध बसलेल्या एकुलत्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचं मात्र हुद्द्यासकट पूर्ण नाव.

दुकानात चष्मा करायला येणारे दाभोळचे एक चाचा आहेत, तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढलेली. त्यांच्यासमोर कार्ड आणि भिंग ठेवलं.

"हा सारंग," म्हणजे देशी खलाशांचा मुख्य, बोट न टेकवता ते म्हणाले. "छातीवर बघ, साखळी. साखळीला शिट्टी आहे."

मी दहा वेळा बघितलं होतं, मला ते बटण वाटलं होतं. भिंगाखाली नळी आणि खाली छोटा गोळा, वाटाण्याएवढा. शिट्टीच.

"बाजूचे दोघे तांडेल असणार, सारंगाच्या हाताखालचे. हात बघ कसे बांधलेत. बाकीची पोरं."

"तुमच्याकडचे असतील?"

"रत्नागिरीचेच असायचे सगळे. नाव लिहिलं असतं तर घर सांगितलं असतं."

कार्डाचा आकार आणि कागद बघता १८९० चं दशक असावं. तेव्हा हिंदुस्थान सरकारचं जहाजांचं खातं रॉयल इंडियन मरीन झालं होतं, १८९२ पासून. त्याआधी इंडियन मरीन, त्याआधी बॉम्बे मरीन, त्याआधी १८६३ पर्यंत इंडियन नेव्ही. खात्याची नावं बदलली, भरती मात्र मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरूनच राहिली. चिठ्ठीत लिहिलं: 'मधला उभा, शिट्टीवाला, सारंग.' चाचांना एक प्रत काढून द्यायची आहे.

१ डिसेंबर, रविवार

जुना बाजार, पण दुसरं टोक, दुसरी पथारी. स्टोव्हच्या पिनांच्या डब्याखाली एक पान. डेकवर बसलेले पंचवीस-तीस आरमारी खलाशी, टोप्या घातलेले. पुठ्ठा तोच. खालच्या उजव्या कोपऱ्यात भोक.

पाकिटातून बटर पेपर काढला आणि भोकावर ठेवला. जहाजाच्या भोकापेक्षा लहान, बुरुजवालीच्या भोकापेक्षा मोठं, आणि वरची कड दोघांच्या बरोबर मधे. जून महिन्यात जी उडी वाटली होती ती हीच. हे पान पांढऱ्या जहाजाच्या लगेच पुढचं.

चूक: हे सगळं विकणाऱ्यासमोर केलं. आधी ३०० म्हणत होता, बटर पेपर बघून १,५०० वर गेला. ११०० ला दिलं. आतापर्यंतचा एकूण खर्च ११,३९०, त्यात मासिकाच्या पानाचे २,४०० आहेतच.

४ डिसेंबर, बुधवार

दुकान बंद झाल्यावर टोप्या वाचल्या. ब्रिटिश खलाशाच्या टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव असतं. अडचण अशी की बहुतेकांच्या टोप्या मागे सरकवलेल्या आहेत, उन्हात फितीची अक्षरं जळून पांढरी झालीत, आणि पुढच्या रांगेतल्या तिघांनी टोप्या मांडीवर पालथ्या ठेवल्यात.

दुसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा. मान वळवलेली, फितीचं टोक कॅमेऱ्याकडे. तीसपट भिंगाखाली शेवटचं अक्षर नक्की एस. जमना एसने संपत नाही. मलबार नाही, क्रोकोडाइलही नाही. युफ्रेटिस संपतं, आणि सेरापिसही. त्याच्या आधीचं अक्षर ई असेल तर निळा पट्टा, आय असेल तर हिरवा. नेमकं त्या अक्षरावर मागच्याच्या कोपराची सावली पडली आहे. खालची आडवी रेघ दिसल्यासारखी वाटते, पण मला ती दिसावी असं वाटतंय, म्हणून माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. मुलाला न सांगता दाखवलं, तो म्हणाला एफ.

घरचा स्कॅनर इंचाला १२०० ठिपक्यांच्या पुढे जात नाही. टिळक रस्त्याजवळ एकाकडे ४८०० चा आहे, काच न दाबता वरून स्कॅन करून देतो म्हणाला, पानाला १५० रुपये. सोमवारी सकाळी अकराला बोलावलंय.